पडद्यावरील यात्रा आणि आमचे यात्रेकरू

'परदेशी चित्रपट पाहून का कोणी परदेश पाहतो?' हा प्रश्न आम्हांस वारंवार ऐकावा लागतो. विचारणाऱ्याच्या स्वरात प्रश्नापेक्षा निकालच अधिक असतो. ऐपत असेल त्याने विमानाने जावे, नसेल त्याने घरी बसावे. अंधारात बसून परक्यांची सुखदुःखे न्याहाळणे हा रिकामटेकड्यांचा उद्योग, असे हे मत आहे. सुशिक्षितांत ते विशेष प्रतिष्ठा पावले आहे. आम्हांस ते साफ अमान्य आहे.

आजचा प्रवास कसा घडतो ते आधी पाहू. दहा दिवसांत पाच देश. सकाळी एक महामंदिर, दुपारी दुसरे. जेवण आपल्याच चवीचे, सोबत आपल्याच माणसांची. वेदीकडे पाठ करून छायाचित्रे काढायची आणि बसमध्ये परतायचे. अशा यात्रेकरूची त्या देशातील कोणाशी भेट होते? बसचालकाशी आणि हॉटेलच्या नोकराशी. हौसेस आमची हरकत नाही; मात्र या धावपळीस 'देश पाहिला' म्हणू नये, एवढाच आमचा आग्रह आहे.

पिएर पाओलो पासोलिनी या इटालियन दिग्दर्शकाचे उदाहरण घ्या. संत मत्तयलिखित शुभवर्तमानावर चित्रपट काढावयाचा म्हणून १९६३ साली तो पवित्र भूमीत स्थळे पाहावयास गेला. येशूच्या काळचा प्रदेश त्याला तेथे आढळला नाही; आधुनिकतेने त्याचे रूप पालटले होते. मग दक्षिण इटलीतील दारिद्र्याने गांजलेल्या मातेरा गावी, खडकात कोरलेल्या घरांच्या वस्तीत, त्याला आपले यरुशलेम गवसले. तेथील कष्टकऱ्यांचे चेहरे त्याने पडद्यावर आणले. हा पासोलिनी मार्क्सवादी आणि निरीश्वरवादी. तरी १९६४ सालचा तो चित्रपट त्याने पोप तेविसावे योहान यांच्या स्मृतीस अर्पण केला. स्थळी पोहोचणे आणि सत्याशी पोहोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे याहून स्पष्ट कोण सांगणार?

आता एर्मानो ओल्मी यांच्या 'लाकडी खडावांचे झाड' या १९७८ सालच्या चित्रपटाकडे वळू. त्याच वर्षी कान महोत्सवातील सर्वोच्च पारितोषिक त्याला लाभले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उत्तर इटलीतील बेर्गामो परिसरात एकाच वाड्यात राहणाऱ्या चार कुळांची ही कथा. जमीन मालकाची, घर मालकाचे, पिकाचा मोठा वाटाही मालकाचाच. धर्मगुरूंच्या सांगण्यावरून बातिस्ती आपल्या लहानग्याला शाळेत धाडतो. शाळा दूर. एके दिवशी पोराची खडाव मोडते. नवी घेण्यास पैसा नाही, म्हणून बाप चोरून मालकाचे एक झाड तोडतो आणि रात्री खडाव कोरतो. पुढे गोष्ट उघडकीस येते आणि सारे कुटुंब गाडीत सामान भरून घराबाहेर पडते.

तीन तासांच्या या चित्रपटात घाई नाही. एक म्हातारा कोंबड्यांचे खत घालून इतरांच्या आधी टोमॅटो पिकवण्याचा बेत जिवापाड गुप्त ठेवतो. एक विधवा आजारी गाईसाठी प्रार्थना करते. एक नवविवाहित जोडपे होडीने मिलान शहरी जाते आणि मठातून एक अनाथ बालक घेऊन परतते. भूमिका करणारे नट नव्हेत, त्याच भागातील शेतकरी व साधी माणसे होत. आणि ती बोलतात त्यांची बेर्गामास्क बोली, पुस्तकी इटालियन नव्हे. कादोडी बोलणाऱ्या, पानवेलींची व केळीची बागायत केलेल्या आमच्या वसईकरांना हे जग परके वाटावे काय? घरची बोली शाळेत बोलायची लाज वाटलेल्या कोणाही माणसास हा चित्रपट ताठ मानेने परत पाठवतो. असे किती सहलींनी साधते?

'धर्माला हे घातक' असा दुसरा आक्षेप असतो. तो घेणाऱ्यांनी ख्रिस्तसभेचा इतिहास वाचावा. पोप अकरावे पायस यांनी १९३६ साली चित्रपटांविषयी काढलेल्या परिपत्रकात इशारे कडक आहेत, पण या कलेचे सामर्थ्य सत्कार्यी लागू शकते हेही त्यात मान्य केले आहे. चित्रकलेची शंभर वर्षे मोजण्याची गरज कोणास पडली नाही. चित्रपटाची शताब्दी मात्र व्हॅटिकनने १९९५ साली साजरी केली आणि धर्म, मूल्ये व कला या तीन विभागांत पंचेचाळीस चित्रपट निवडले. वर सांगितलेले दोन्ही चित्रपट त्या यादीत आहेत. आमची तक्रार वेगळीच आहे. त्या यादीत 'गांधी' आहे, पण तो इंग्रज दिग्दर्शकाचा. भारतीय दिग्दर्शकाचा एकही चित्रपट नाही. 'पथेर पांचाली' १९५५ सालचा, तोही नाही! यात्रा दोन्ही बाजूंनी व्हावयास हवी. आम्ही बेर्गामोला जावे आणि रोमने निश्चिंदिपूरला यावे.

'हे चित्रपट संथ असतात, समजत नाहीत' हा तिसरा आक्षेप. पाहुण्याने यजमानाच्या घरी घड्याळ पाहत बसू नये, हे आमच्या आज्यांना ठाऊक होते. इराणच्या अब्बास किआरोस्तामी यांच्या १९८७ सालच्या चित्रपटात एक मुलगा चुकून आपल्याकडे आलेली मित्राची वही परत करण्यासाठी शेजारच्या गावी धावतो. वही नसेल तर मित्राला शाळेतून काढतील. गोष्ट एवढीच. १९९० साली त्या प्रदेशात प्रलयंकारी भूकंप झाला, तेव्हा किआरोस्तामी आपल्या बालनटांचा शोध घेत तिकडे गेले आणि त्या शोधावर त्यांनी पुढचा चित्रपट रचला. ज्याने तो पहिला चित्रपट संथपणे पाहिला आहे, त्याला त्या भूकंपातील मृतांचा आकडा नुसता आकडा वाटणार नाही.

एक आक्षेप मात्र आम्ही गंभीरपणे घेतो : पडद्यापुढे गाळलेले अश्रू स्वस्त असतात. खरे आहे. त्याचे उत्तर ओल्मींच्याच चित्रपटात आहे. बातिस्तीचे कुटुंब वाडा सोडून निघते तेव्हा शेजारी आपापल्या घरात थांबतात, आतूनच पाहतात. ती श्रद्धाळू माणसे आहेत, दुष्ट नाहीत. पण निरोपाला कोणी पुढे होत नाही. गाडीचा दिवा अंधारात दूर जातो.

वाचकहो, चित्रपट पाहणारा प्रत्येकजण त्या क्षणी त्या शेजाऱ्यांच्या रांगेत उभा असतो. आपल्याही गावांत जमिनी विकल्या जात आहेत, बागा बुजत आहेत, कोणाचे ना कोणाचे सामान टेम्पोत चढत आहे. आपल्या धर्मग्रामांची सभागृहे लग्नांना आणि हाऊसीला खुली आहेत. तीन महिन्यांतून एक संध्याकाळ अशा चित्रपटाला आणि त्यानंतरच्या तासभर चर्चेला देणे अशक्य आहे काय? तरुण मंडळी मोबाईलवर एकेकटी पुष्कळ पाहतात. एकत्र बसून, एकमेकांच्या तोंडाकडे पाहून बोलण्याची सवय त्यांना आपणच लावली पाहिजे. त्या चर्चेत पहिला प्रश्न कोणता विचारावा, हेही आम्ही सुचवून ठेवतो : शेजारचे घर रिकामे होत होते, तेव्हा दार कोणी उघडले?