घाट, फॅन क्लच आणि आपली काटकसर

गाडीच्या रिपेअरिंगबद्दल आपल्याकडे दोनच प्रकारचे सल्ले मिळतात. पहिला गॅरेजचा : "वेल्डिंग मारून टाकू, काम होऊन जाईल!" दुसरा सुशिक्षितांचा : "नवीनच टाका हो, रिस्क कशाला?" पहिल्याला पैसे लागत नाहीत आणि दुसऱ्याला डोकं लागत नाही. माझं स्पष्ट मत आहे, की इंजिनीअर नावाच्या प्राण्याची खरी गरज या दोन सल्ल्यांच्या मधल्या जागेत असते. आपल्या कर्जत-खालापूर पट्ट्यात याचं उत्तम उदाहरण म्हणजे इंजिनच्या पंख्याचा व्हिस्कस क्लच.

आधी थोडा हिशोब. खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत रस्ता जवळपास ५०० मीटर उंची चढतो. माणसांनी भरलेली अडीच टनांची जीप तेवढी वर न्यायची, तर नुसत्या उंचीसाठी सुमारे १२ मेगाज्यूल ऊर्जा लागते. डिझेलमधल्या ऊर्जेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग चाकांपर्यंत कामाला येतो, एक तृतीयांश सायलेन्सरमधून जातो आणि उरलेला कूलंटमध्ये उतरतो. म्हणजे जेवढी ऊर्जा गाडी चढवायला, जवळपास तेवढीच उष्णता रेडिएटरमधून बाहेर टाकायची! १२ मेगाज्यूल म्हणजे १० लिटर पाण्याचं तापमान २८० अंशांनी वाढवण्याइतकी उष्णता. ती वेळच्या वेळी बाहेर पडली नाही तर काय होईल, हे सांगायला थर्मोडायनॅमिक्सचे सर नकोत.

सपाट रस्त्यावर ऐंशीच्या स्पीडला समोरून येणारा वारा हे काम फुकटात करतो. घाटात मात्र स्पीड वीसवर, इंजिनला कष्ट दुप्पट, आणि एप्रिल-मे मध्ये बाहेरची हवाच चाळिशीला टेकलेली. इथे सगळी भिस्त पंख्यावर.

मग पंखा सतत फुल स्पीडने का फिरवायचा नाही? कारण पंख्याला लागणारी पॉवर त्याच्या आरपीएमच्या घनाप्रमाणे वाढते. आरपीएम दुप्पट, तर पॉवर आठपट. गरज नसताना ती देणं म्हणजे डिझेल हवेत उडवणं. म्हणून मधे क्लच घालतात. त्याच्या तोंडावर द्विधातूची छोटी पट्टी असते. रेडिएटरमधून येणारी हवा तापली, की पट्टी वाकते, आतली झडप उघडते आणि घट्ट सिलिकॉन द्रव रोटरच्या खाचांत शिरतो. त्याच्या चिकटपणामुळे पंखा जोर धरतो. हवा निवली, की द्रव परत कप्प्यात आणि पंखा सैल.

कर्जत स्टेशनवर ज्यांनी गाडीची वाट पाहिली आहे त्यांना हे लगेच कळेल. पुण्याकडे जाणाऱ्या बहुतेक लांब पल्ल्याच्या गाड्यांना कर्जतला मागून बँकर इंजिनं लागतात, कारण पुढे ३७ ला १ असा चढ आहे. घाट संपला, की बँकर सुटतात. फॅन क्लच म्हणजे आपल्या जीपचा बँकरच. आणि क्लच वेल्ड करणं म्हणजे बँकर पुण्यापर्यंत, सोलापूरपर्यंत तसेच जोडून नेणं! रेल्वे हे कधी करणार नाही. आपण मात्र बिनदिक्कत करतो.

आता बिघाडाकडे येऊ. सुमो २०१९ साली बंद झाली, क्वालिस तर २००५ सालीच. पण त्या वयाच्या गाड्या अजून भाड्याने धावतात, बोलेरोही आहेतच. असा क्लच म्हातारा झाला की सील झिजतं आणि द्रव गळतो. फसवी गोष्ट अशी, की पनवेलपासून खोपोलीपर्यंत तापमानाचा काटा हलत नाही. दुखणं कळतं ते चढाला लागल्यावर, म्हणजे जिथे थांबणं सगळ्यात धोक्याचं तिथे. मागून ट्रक, बाजूला कठडा आणि गाडीत दहा जण. त्या दहांत आपल्या होस्टेलचे, कॉन्ट्री काढून लोणावळ्याला निघालेले लोकही असतात, हे विसरू नका.

तपासणी मात्र फुकट आहे. इंजिन बंद, थंड, किल्ली आपल्या खिशात. पंखा हाताने फिरवा. थोडा अडून फिरला तर ठीक. भिंगरीसारखे तीन-चार फेरे मारले तर द्रव गेला. हललाच नाही तर क्लच जाम. पात्याचं टोक धरून पुढे-मागे हलवा. खुळखुळला तर बेअरिंग गेलं. क्लचच्या तोंडाशी तेलकट काजळी दिसली तर गळती. सकाळी स्टार्ट केल्यावर मिनिटभर 'घूंऽऽ' आवाज आला तर घाबरू नका, रात्रभरात द्रव खाली उतरलेला असतो. आणि चालू पंख्यात वर्तमानपत्राची गुंडाळी घालून बघायचा जो 'फंडा' सांगतात, तो करू नका. बोटं दहाच आहेत.

क्लचला दोष देण्याआधी स्वस्त संशयितांची चौकशी करा : सैल बेल्ट, रेडिएटरच्या जाळीत अडकलेला चिखल आणि किडे, दम गेलेलं रेडिएटर कॅप, अडकलेला थर्मोस्टॅट. काटकसर म्हणतात ती ही. आधी पाच रुपयांची शंका फेडायची, मग पाच हजारांची.

क्लचच दोषी ठरला तर? बेअरिंग खुळखुळत असेल तर चर्चा नको, नवा घ्या. सुटलेला पंखा रेडिएटर फाडतो. बेअरिंग ठणठणीत असेल आणि क्लचचे दोन भाग स्क्रूने जोडलेले असतील, तर तो उघडून सिलिकॉन द्रव पुन्हा भरता येतो. टोयोटा हा द्रव १८ मिलिलिटरच्या ट्यूबमधून विकते. काम एवढ्याशा द्रवाचं! मात्र त्यात इंजिन ऑईल ओतू नका, ते तापलं की पातळ होतं, म्हणजे नेमकं नको तेव्हा. सील गेलं असेल तर भरलेला द्रवही काही महिन्यांत गळणार, हे मालकाला आधीच सांगायचं. पण तेवढ्या महिन्यांत तो नव्या क्लचचे पैसे बाजूला काढू शकतो. हप्त्यावर गाडी चालवणाऱ्याला ही मुदत फार मोलाची असते.

आणि बोल्ट मारून क्लच लॉक करणं? खोपोलीत अडकलेली गाडी सावकाश गॅरेजपर्यंत न्यायला चालेल. कायमचं नाही. चांगला क्लच जास्त आरपीएमला पंख्याला थोडं घसरू देतो. लॉक केल्यावर तो इंजिनबरोबर फरफटतो. वॉटर पंपाच्या बेअरिंगवर ताण, पाती तुटायची भीती, आणि डिझेल जातं ते वेगळंच. वाचवलेले पैसे पंपावर हळूहळू परत द्यायचे, यात कसली काटकसर?

माझी तक्रार गॅरेजवाल्यांबद्दल नाही. त्यांच्यापुढे गिऱ्हाईक उभं असतं, संध्याकाळचं भाडं ठरलेलं असतं, आणि वेल्डिंग मशीन हाताशी असतं. तक्रार आपल्याबद्दल आहे. आपण ओरलला व्हिस्कॉसिटीची व्याख्या धडाधड म्हणतो, फॅन लॉज लिहून मार्क मिळवतो, आणि तीच व्हिस्कॉसिटी कॉलेजच्या गेटबाहेर गळत असताना 'नवीनच टाका' म्हणून मोकळे होतो. किंमत न विचारता दिलेलं उत्तर हे इंजिनीअरचं उत्तर नव्हे.

म्हणून सरांना एक विनंती. भंगारातून चार जुने फॅन क्लच आणून वर्कशॉपमध्ये ठेवावेत. टी. ई. च्या प्रत्येक बॅचने एक उघडावा, भरावा, गरम हवेवर पट्टी कधी वाकते ते मोजावं, आणि तीन पर्यायांचा खर्च व आयुष्य एका पानावर मांडावं. खर्च जवळजवळ शून्य. इंटरनेटवरून उतरवलेल्या प्रोजेक्ट रिपोर्टपेक्षा हे पान खोपोलीच्या ड्रायव्हरला जास्त उपयोगी पडेल.

आणि मित्रांनो, पुढच्या वेळी लोणावळ्याला जीप ठरवाल, तेव्हा भाड्यावरून घासाघीस जरूर करा. पण निघण्याआधी, इंजिन थंड असताना, ड्रायव्हरकाकांना विचारून बोनेट उघडा आणि पंखा एकदा हाताने फिरवून बघा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

— टी. ई. (मेकॅनिकल)