पदवी जीवशास्त्राची, हप्ता बँकेचा

नीटचा निकाल लागला की महाविद्यालयांच्या जीवशास्त्र विभागांत वर्दळ वाढते. २०२४ साली २३ लाखांहून अधिक मुलांनी ही परीक्षा दिली. देशभरातल्या एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्याही आत होत्या. उरलेल्यांपैकी बरीच मुले ‘बायो’ सोडायला तयार नसतात. मग बायोटेक्नॉलॉजी, मायक्रोबायोलॉजी, बायोइन्फर्मेटिक्स अशी चौकशी सुरू होते, एखाद्या खाजगी विद्यापीठाचे गुळगुळीत माहितीपत्रक हाती पडते आणि चार दिवसांत शैक्षणिक कर्जाच्या अर्जावर वडिलांची सहकर्जदार म्हणून सही होते. या घाईत शांतपणे हिशेब मांडून दाखवू शकेल असा माणूस बहुधा एकच असतो, तो म्हणजे विषयाचा प्राध्यापक. म्हणून या अंकातले हे चार शब्द शिकवणाऱ्यांसाठी.

हिशेब अवघड नाही. दोन वर्षांच्या एम.एस्सी.साठी फी आणि वसतिगृह मिळून ५ लाखांचे कर्ज घेतले, दर वर्षाच्या सुरुवातीला अडीच लाख, आणि व्याजदर १० टक्के आहे असे समजू. शिक्षण चालू असताना आणि त्यानंतर वर्षभर हप्ता नसतो, पण व्याज चढतच असते. सरळव्याजाने तीन वर्षांअखेर ते सव्वा लाखावर जाते. या सव्वासहा लाखांची दहा वर्षांत फेड करायची तर महिन्याला सुमारे ८,२६० रुपयांचा हप्ता बसतो आणि फेडीची एकूण रक्कम दहा लाखांच्या घरात पोचते. औषध कंपनीच्या गुणवत्ता नियंत्रण प्रयोगशाळेत रुजू झालेल्या नव्या मायक्रोबायोलॉजिस्टच्या हातात १८,००० रुपये पडत असतील, तर त्यातला जवळजवळ निम्मा पैसा बँकेकडे जातो. उरलेल्या पैशांत खोलीचे भाडे, मेस आणि गावी पाठवायचे पैसे भागवायचे. हाच विद्यार्थी जेआरएफ (कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती) मिळवून पीएच.डी.ला लागला, तर १ जानेवारी २०२३ पासूनच्या दराने त्याला महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडे भत्ता मिळतो. तोच हप्ता मग पेलता येतो. पण जेआरएफ थोड्यांच्याच वाट्याला येते, आणि कर्ज काढताना प्रत्येक घर आपला मुलगा त्या थोड्यांत धरते.

खरी अडचण पगाराच्या आकड्याइतकीच वेळेची आहे. जीवशास्त्रात कमाई उशिरा सुरू होते. पदवी, एम.एस्सी., नेट किंवा सेट, पाच-सहा वर्षांची पीएच.डी., मग पोस्टडॉक, एवढे झाल्यावर कुठे पक्क्या नोकरीची भाषा सुरू होते. मधल्या काळात अनेकजण तासिका तत्त्वावर शिकवतात, जिथे तासाचे पैसे मिळतात आणि सुट्ट्यांचे मिळत नाहीत. बँक मात्र अभ्यासक्रम संपल्यावर साधारण वर्षभरच थांबते. हप्ते थकले तर त्याची नोंद सहकर्जदाराच्याही नावावर पडते, आणि वडिलांना उद्या स्वतःसाठी कर्ज हवे असेल तेव्हा बँक तीच नोंद उघडून बघते.

पालक म्हणतात, विद्यापीठाने पगाराचा आकडा दिला आहे. एनआयआरएफ या राष्ट्रीय क्रमवारीसाठी संस्था जी माहिती देतात, तिच्यात नोकरी लागलेल्यांचे मध्यम वेतन असते खरे. पण तो आकडा संस्थेने स्वतः दिलेला असतो, फक्त नोकरी लागलेल्यांचा असतो आणि विषयवार नसतो. दोन वर्षांचे सगळे पदव्युत्तर अभ्यासक्रम त्यात एकाच ओळीत येतात. ज्या विद्यापीठात एमबीए आणि एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजी दोन्ही आहेत, तिथे व्यवस्थापनाच्या मुलांचे पगार त्या आकड्यात मिसळलेले असतात. अमेरिकेच्या शिक्षण खात्याचे ‘कॉलेज स्कोअरकार्ड’ २०१९ पासून विषयवार कर्ज आणि विषयवार कमाई शेजारी शेजारी दाखवते. तिथला पालक एखाद्या विद्यापीठातल्या जीवशास्त्राच्या पदवीधराचा आकडा घरबसल्या बघू शकतो. आपल्याकडे अशी सोय नाही, आणि ती नसल्याची किंमत सहकर्जदार मोजतो.

याचा अर्थ मुलांना जीवशास्त्रापासून परतवावे असा मुळीच नाही. कोविडच्या साथीत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत विषाणू वेगळा करण्याचे काम झाले, सीरम इन्स्टिट्यूटमध्ये लशीचे कोट्यवधी डोस तयार झाले. ही कामे करणारी माणसे याच वर्गांतून घडतात. हा विषय शिकायला मोठे कर्ज लागतेच असे मात्र नाही, आणि ही गोष्ट विद्यार्थ्याला वेळेवर कळत नाही. इन्स्पायर शिष्यवृत्तीचेच बघा. बारावीला आपल्या मंडळात पहिल्या १ टक्क्यात आलेल्या आणि मूलभूत विज्ञान घेणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी ही योजना वर्षाला ८० हजारांची आहे. तिच्या विषयांच्या यादीत वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, जीवरसायनशास्त्र, मायक्रोबायोलॉजी आहे, बायोटेक्नॉलॉजी नाही. नावाच्या आकर्षणाने मुलगी बायोटेकला जाते आणि अनुदानित महाविद्यालयातल्या माफक फीसह ही शिष्यवृत्तीही गमावते. प्रवेश अर्ज भरतानाच कुणी सांगितले असते तर! पुढे आयआयटीच्या एम.एस्सी.साठी जॅम ही प्रवेश परीक्षा आहे. जैवतंत्रज्ञान विभागाच्या मदतीने चालणाऱ्या अभ्यासक्रमांसाठी गॅट-बी ही परीक्षा आहे आणि तिथल्या एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांना महिना ५,००० रुपये विद्यावेतनही मिळते.

कर्ज घ्यावेच लागले, तर नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली पीएम-विद्यालक्ष्मी योजना आधी तपासावी. निवडक संस्थांत प्रवेश मिळालेल्यांना तिच्यात विनातारण, विनाजामीन कर्ज मिळते. कुटुंबाचे उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल, तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर हप्ते सुरू होईपर्यंतच्या काळात व्याजात ३ टक्के सवलतही आहे. संस्था यादीत नसेल तर हे काहीच लागू होत नाही, आणि माहितीपत्रक ते सांगत नाही.

परदेशातल्या एम.एस.बद्दल थोडक्यात. ४० लाखांचे कर्ज ११ टक्क्यांनी दहा वर्षांत फेडायचे तर हप्ता ५५ हजारांवर जातो. अमेरिकेत शिक्षणानंतर कामाची मुभा १२ महिने, आणि विज्ञान शाखांना वर २४ महिने. या तीन वर्षांत पक्की सोय लागली नाही, तर भारतातल्या पगारातून तो हप्ता भरायचा आहे. त्यापेक्षा विद्यावेतनासह थेट पीएच.डी.ला प्रवेश मिळवणे अवघड असले तरी कर्जाविना होते.

वाचक प्राध्यापकांना विनंती आहे. येत्या प्रवेशाआधी प्रत्येक विभागाने तीन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या आपल्या तुकडीला फोन करावा. किती जण कामाला लागले, किती जण पुढे शिकत आहेत, किती जण घरी आहेत आणि हातात किती पगार पडतो, ही माहिती नावे न देता सूचनाफलकावर लावावी. आकडे कमी वाटले तरी लावावेत. अर्जावर सही होण्याआधी ते पालकांच्या डोळ्यांपुढे असले पाहिजेत.