तालुक्याचें महाविद्यालय आणि बदलता पाऊस

हवामान पालटत चाललें आहे, ही गोष्ट आतां केवळ शास्त्रज्ञांच्या परिषदांपुरती राहिलेली नाहीं. १८५० ते १९०० ह्या काळाशीं तुलना करितां २०११ ते २०२० ह्या दशकांत पृथ्वीचें सरासरी उष्णतामान सुमारें १.१ अंश सेल्सिअसनें अधिक होतें. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेच्या पुढाकारानें झालेल्या व २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत असें दिसून आलें कीं, १९५० ते २०१५ ह्या अवधींत मध्य भारतांत दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग तिपटीनें वाढले. ही उष्णता आणखी वाढूं न देण्याचे यत्न सर्व राष्ट्रांनीं केलेच पाहिजेत. परंतु जो पालट होऊन चुकला, त्याशीं जुळवून घेऊन पीक, पाणी व वस्ती कशी राखावी, हें प्रत्येक गांवास आपल्यापुरतें ठरवावें लागणार. ह्या कामीं महाविद्यालयांचें कर्तव्य काय, ह्याविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पाऊस ही अत्यंत स्थानिक बाब आहे. २६ जुलै २००५ च्या प्रलयंकर पावसांत सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्याच मुंबईंत कुलाब्यास तो सुमारें ७३ मिलिमीटर होता. एका शहरांत एवढें अंतर, तर जिल्ह्याच्या ठिकाणच्या आंकड्यावरून दहा कोसांवरील शेताची स्थिति कशी कळावी? शिवाय एकूण पाऊस सरासरीइतका पडूनही मधल्या उघडिपीनें पीक जातें. हें रोजच्या नोंदीवांचून उमगत नाहीं.

स्थानिक ज्ञानास शास्त्राची जोड देण्याची परंपरा महाराष्ट्रांत आहे. सोलापूर जिल्ह्यांतील मोहोळच्या संशोधन केंद्रांत गेल्या शतकाच्या पूर्वार्धांत शेतकऱ्यांच्याच मालदांडी ज्वारींतून निवड करून ‘मालदांडी ३५-१’ हें वाण सिद्ध झालें. कोरडवाहू रब्बींत तें आजही पेरलें जातें. पुढें १९६८ ते १९७२ ह्या काळांत राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथें कृषि विद्यापीठें स्थापन झालीं. त्यांचें कार्य मोठें आहे. पण चार विद्यापीठांनीं प्रत्येक गांवचें रान कसें तपासावें? तालुक्याचें महाविद्यालय मात्र गांवाजवळ असतें.

म्हणून आमची सूचना अशी. प्रत्येक महाविद्यालयानें एक पर्जन्यमापक ठेवावा व रोज सकाळीं साडेआठ वाजतां त्याची नोंद घ्यावी. महिन्यांतून एकदां आसपासच्या ठराविक विहिरींची पातळी मोजावी. हे आंकडे सोप्या मराठींत लिहून ग्रामपंचायतींच्या फलकांवर लावावे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरावर सुमारें चार हजार लिटर पाणी, असें सांगितलें तर कोणासही त्याचें मोल पटेल. हवामानाची सरासरी तीस वर्षांच्या नोंदींवरून काढण्याची शास्त्रीय रीत आहे. एवढा काळ एका ठिकाणीं कोण टिकतें? अधिकाऱ्यांच्या बदल्या होतात, वडीलधाऱ्यांची स्मृति त्यांच्याबरोबर जाते. संस्था मात्र राहते.

ह्यानें परीक्षेचा अभ्यास बुडेल, असा आक्षेप कोणी घेईल. आम्हांस तसें वाटत नाहीं. भूगोल व संख्याशास्त्र शिकण्यास ह्याहून चांगलें साधन कोणतें? पाहणीचा अहवाल इंग्रजींत लिहून कपाटांत ठेवणें, ही विद्येची सेवा नव्हे. विद्यार्थ्यांनीं शेतकऱ्यास शिकवावें, तसेंच त्याच्याकडून शिकावेंही. ‘एक कोळपणी, अर्धें पाणी’ असें आमचे वडील सांगत; कोळपणीनें भेगा बुजतात, तण जातें व जमिनींतील ओल टिकते, हें त्यामागील शास्त्र होय.

पुष्कळ पालक पोटास चिमटा घेऊन मुलांमुलींस उच्च शिक्षण देतात. त्या शिक्षणानें मुलास घरची जमीन परकी वाटूं लागावी, ह्यासारखी हानि नाहीं. प्रवेश घेतांना पहिल्या वर्गांत किती विद्यार्थी आले, हें पालक विचारतात. आपल्या तालुक्याच्या पावसाची किती वर्षांची नोंद येथें आहे, हेंही त्यांनीं विचारावें. आणि विद्यार्थिमित्रांनो, ती नोंद नसेल तर पहिली ओळ तुम्हीच लिहा.