दोष देणें आणि दोष शोधणें

शाळेच्या वार्षिकांत संगणकावरील खेळाविषयीं एका शिक्षकानें लिहावें, हें कित्येक पालकांस विपरीत वाटेल. आधींच मुलें पुस्तक सोडून पडद्यापुढें बसतात. त्यांत आणखी तो खेळ संगणकांत बसवितांना येणाऱ्या अडचणींचा ऊहापोह मास्तरांनींच कशास करावा, असा प्रश्न कोणी केल्यास तो अयोग्य म्हणतां येणार नाहीं. परंतु गेल्या मे महिन्याच्या सुटींत माझ्याच घरीं एक लहानसा प्रसंग घडला आणि त्यानें माझ्या स्वभावांतील एक मोठी उणीव मला दाखवून दिली. ती माझ्या एकट्याची असती, तर मीं ती मनांतच ठेविली असती. पण ती आम्हां शिक्षकांत आणि आईबापांत सार्वत्रिक आहे, असें माझें मत झालें आहे; सबब हा लेख.

माझा मुलगा इयत्ता आठवींत शिकतो. त्याला त्याच्या मामानें आगगाड्या चालविण्याच्या एका जुन्या खेळाच्या दोन सीडी दिल्या. हल्लींच्या बहुतेक लॅपटॉपांत तबकडी घालण्याची सोयच नसते. म्हणून यूएसबी केबलनें जोडावयाचा एक सुटा ड्राइव्ह आम्हीं विकत आणला. पहिली तबकडी सुरळीत चालली. दुसरी घातल्यावर मात्र अर्ध्या वाटेवर काम अडलें. ड्राइव्ह घरघरला, थांबला, पुन्हां घरघरला, आणि फाइल वाचतां येत नाहीं असा संदेश पडद्यावर आला. मुलानें तबकडी काढली, पुसली, पुन्हां घातली. पुन्हां तोच संदेश. जवळच मी वर्तमानपत्र वाचीत बसलों होतों. मीं ती तबकडी हातांत घेऊन उजेडाकडे धरली. तिच्यावर दोन ओरखडे दिसले. झालें! मीं तत्काळ निकाल सांगितला, "तुला वस्तु नीट ठेवावयाची संवयच नाहीं. परवां ही टेबलावर उघडी पडली होती. बिघडविलीस ना?" तो म्हणाला, "पप्पा, ओरखडे आधींपासूनच होते." मीं म्हटलें, "उलट बोलूं नकोस." तो उठला व आंतल्या खोलींत निघून गेला.

दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं माझ्या टेबलावर वहीचा एक कागद ठेवलेला आढळला. त्यावर पुढील टिपण होतें:

(१) दुसरी तबकडी, शेजारच्यांचा जुना संगणक: सर्व फाइली उतरल्या.
(२) मंडळीच्या नाताळ कार्यक्रमाची डीव्हीडी, आपला ड्राइव्ह: मध्येंच अडली.
(३) तीच डीव्हीडी, ड्राइव्ह सरळ लॅपटॉपला जोडून: चालली.
(४) दुसरी तबकडी, ड्राइव्ह सरळ लॅपटॉपला जोडून: चालली.
(५) ड्राइव्ह पुन्हां हबाला, हबावर मोबाइल नाहीं: चालली.
(६) ड्राइव्ह हबाला, हबावर मोबाइल चार्जिंगला: अडली.

हब म्हणजे एका यूएसबी जोडणीच्या चार जोडण्या करून देणारी लहानशी डबी. ती मींच आणली होती, व पहिली तबकडी संपून दुसरी सुरू झाली त्या सुमारास माझा मोबाइल मींच तिला लावला होता. यूएसबी २.० च्या नियमाप्रमाणें संगणकाच्या एका जोडणींतून ५०० मिलिअँपिअरपर्यंत वीज मिळते, यूएसबी ३.० मध्यें ९००. ज्या हबास स्वतःची वेगळी वीज नाहीं, तो तेवढीच शिदोरी सर्वांस वांटून देतो. तबकडीस वेग देतांना ड्राइव्हाला बरीच वीज लागते. तिच्यांत मोबाइल वांटेकरी झाला, तेव्हां ड्राइव्ह उपाशी राहिला आणि अडखळला. सारांश, ज्यास मीं अपराधी ठरविलें तो निर्दोष होता, आणि ज्यानें न्यायाधीशाचें आसन बळकाविलें होतें तोच अपराधी होता.

तबकडीवर ओरखडे होते, हें खरेंच. परंतु ओरखडा दिसणें आणि ओरखडा हें कारण असणें, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. सीडी १९८२ सालीं बाजारांत आली. तिचा व्यास १२ सेंटिमीटर व जाडी १.२ मिलिमीटर असते. माहिती साठविणारे सूक्ष्म खळगे खालच्या चकचकीत पृष्ठभागावर नसून पारदर्शक प्लास्टिकच्या पलीकडे, छापील चित्राच्या अगदीं निकट असतात. त्यांवर बहुधा अॅल्युमिनियमचा पातळ थर दिलेला असतो. त्यांची वाट मध्यापासून कडेकडे गुंडाळत गेलेली असून तिच्या दोन फेऱ्यांतील अंतर १.६ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दीडपटीहून किंचित् अधिक, असतें. शिवाय अर्विंग रीड व गुस्टाव्ह सॉलोमन या दोघां गणितज्ञांनीं १९६० सालीं प्रसिद्ध केलेल्या युक्तीच्या आधारें माहितीबरोबर कांहीं जादा आंकडे अशा रीतीनें विखरून लिहिलेले असतात, कीं वाटेंतील सुमारें अडीच मिलिमीटरपर्यंतचा सलग भाग वाचतां आला नाहीं तरी उरलेल्यावरून तो पुन्हां जुळवितां येतो. म्हणून मध्यापासून कडेकडे गेलेला सरळ ओरखडा बहुधा निरुपद्रवी ठरतो; वाटेच्या दिशेनें वर्तुळाकार गेलेला अधिक घातक. आणि सीडीच्या छापील बाजूवर खोल ओरखडा पडला, तर माहितीचा थरच खरवडला जातो. आपण मात्र नेहमीं चकचकीत बाजू पाहतों आणि तीवरून निकाल देतों!

विद्यार्थ्यांना उपयोग व्हावा म्हणून अशा प्रसंगीं चालावयाचा क्रम येथें सांगतों. प्रथम पडद्यावरील संदेश शांतपणें वाचावा व जशाचा तसा उतरून घ्यावा. मग तबकडी व ड्राइव्ह यांची जात पाहावी. केवळ सीडी वाचणाऱ्या ड्राइव्हाला डीव्हीडी वाचतां येत नाहीं, आणि डीव्हीडीच्या ड्राइव्हाला ब्लू-रे वाचतां येत नाहीं. तबकडी पुसावयाची तर मऊ सुती कापडानें, मध्याकडून कडेकडे सरळ पुसावी. गोल गोल पुसल्यास कापडांतील कण वाटेच्या दिशेनेंच ओरखडे पाडतो. नंतर मुख्य कसोटी: ही तबकडी दुसऱ्या ड्राइव्हांत, व दुसरी तबकडी ह्या ड्राइव्हांत. ती दोन्हीकडे अडली तर तबकडीचा संशय घ्यावा. ड्राइव्ह प्रत्येक तबकडीवर अडला तर ड्राइव्हाचा किंवा त्याच्या जोडणीचा. जोडणी सरळ करून पाहावी, केबल बदलून पाहावी. दुसऱ्या संगणकावर तबकडी नीट वाचली जात असेल, तर तिच्यावरील सर्व फाइली आपल्या संगणकांतील एका फोल्डरांत आणून तेथूनच खेळ बसवितां येतो कीं काय, तेंहि पाहावें. ड्राइव्ह मात्र उघडूं नये; आंत लेसर असतो, आणि तो डोळ्यांस अपायकारक आहे.

या सर्वांत एक नियम सर्वांत मोठा: एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. केबल, तबकडी व ड्राइव्ह हीं तिन्ही एकदम बदलून काम झालें, तर काम होतें पण ज्ञान होत नाहीं. आपल्याकडील नैयायिक यास अन्वय-व्यतिरेक म्हणत आले. जॉन स्टुअर्ट मिल यानें १८४३ सालीं प्रसिद्ध केलेल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथांत हीच दृष्टि विस्तारानें मांडली आहे. माझ्या मुलाला यांपैकीं कांहींच ठाऊक नव्हतें. तरी त्याचें पांचवें व सहावें टिपण पाहा. खेळ तर चौथ्या खेपेसच चालला होता. तेथेंच तो थांबता तर त्याला कोणी दोष दिला नसता. पण त्याला नुसता खेळ नको होता, कारण हवें होतें.

ही कथा येथेंच संपली नाहीं. खेळ बसला, पण सुरू होईना. येथें पुन्हां तबकडीवर आळ येणार होता. परंतु या वेळीं मी धीर धरून त्याच्याजवळ बसलों. शोधाअंतीं कळलें, कीं त्या काळच्या कित्येक खेळांस नक्कल होऊं नये म्हणून सेफडिस्क, सेक्युरॉम अशा नांवांचीं कुलुपें असत. खेळ सुरू होतांना तबकडी अस्सल आहे कीं नाहीं हें तीं तपाशीत, आणि सेफडिस्कला त्यासाठीं विंडोजमधील एका साहाय्यक प्रोग्रामची गरज लागे. त्या प्रोग्राममुळें संगणकाच्या सुरक्षिततेस धोका असल्यानें २०१५ सालीं आलेल्या विंडोज १० मध्यें त्याला थारा दिला गेला नाहीं. त्याच वर्षीं सप्टेंबरमध्यें आधींच्या विंडोजमध्येंहि तो बंद करण्यांत आला. म्हणजे तबकडी अस्सल, ड्राइव्ह उत्तम, मुलगा निर्दोष, बापहि निर्दोष. आणि तरी खेळ बंद! कांहीं बिघाडांना अपराधी नसतोच, ही गोष्ट निकाल द्यावयास उत्सुक असलेल्या आम्हां वडील मंडळींनीं विशेष ध्यानांत ठेवावी.

मुलाच्या एका मित्रानें कुलूप फोडणारी फाइल इंटरनेटवरून फुकट मिळते असें सुचविलें. मीं ती घेऊं दिली नाहीं, व त्याचीं कारणें त्याला सांगितलीं. अशा अनोळखी फाइलींतून संगणकांत काय शिरेल याचा भरवसा नसतो. शिवाय हक्कभंगाच्या हेतूनें असें कुलूप फोडणें हा, १९५७ च्या कॉपीराइट कायद्यांत २०१२ सालीं झालेल्या दुरुस्तीप्रमाणें, गुन्हा आहे. आमचा हेतु तसा नव्हता, हें खरें. पण ती फाइल तयार करणाराचा हेतु आम्हांस काय ठाऊक? जुने खेळ हक्कदारांच्या संमतीनें व कुलुपावांचून विकणाऱ्या संस्था आहेत. पोलंडमधील जीओजी ही त्यांपैकीं एक, २००८ सालीं सुरू झालेली. तेथें शोधावें आणि न मिळाल्यास जुन्या विंडोजचा संगणक असलेल्या मामाच्या घरीं खेळावें, असें आमचें ठरलें.

आतां माझें मुख्य म्हणणें. वर्गांत एखाद्या मुलाचें गणित चुकतें, तेव्हां आम्ही काय करतों? "लक्ष नाहीं," असें म्हणून मोकळे होतों. कोणत्या पायरीवर चुकलें, वजाबाकींत हातचा विसरला कीं प्रश्नाची भाषाच कळली नाहीं, हें पाहण्यास पांच मिनिटें लागतात. दोष देण्यास पांच शब्द पुरतात. घरीं गुण कमी पडले कीं मोबाइलचा दोष, मित्रांचा दोष, आळसाचा दोष. मुलाला फळ्यावरचें दिसतें कीं नाहीं, हें तपासण्यापूर्वींच चष्म्याचा खर्च आम्हीं छडीनें वांचविलेला असतो.

यावर कोणी म्हणेल, "मास्तर, प्रत्येक वेळीं इतका तपास करावयास सवड कोणाला आहे? आणि मुलें पुष्कळदां खरोखरच अपराधी असतात." दोन्ही आक्षेप खरे आहेत. पण सवडीचा हिशेब नीट मांडला पाहिजे. मीं चुकीचा निकाल दिला नसता, तर पहिल्याच दिवशीं दोघांनीं मिळून अर्ध्या तासांत कारण शोधलें असतें. आणि अपराध खरा असला तरी त्याचा पुरावा आधीं व शिक्षा नंतर, हा क्रम बदलत नाहीं. ज्या मुलाला एकदां अन्यायानें दोषी ठरविलें, तें पुढच्या वेळीं बिघडलेली वस्तु आपल्यापुढें आणीत नाहीं, लपवितें. आज ती एक तबकडी असेल. उद्यां ती नापास झाल्याची बातमी असेल, किंवा वाईट संगतींत सांपडल्याची कबुली असेल. आणि ती ऐकावयास आईबापांखेरीज दुसरें कोणीतरी त्यानें शोधलेलें असेल. याचें मला खरें भय वाटतें.

विद्यार्थ्यांनो, तुम्हांसहि एक सांगणें आहे. आळ आला असतां रुसून बसणें किंवा उलट आरडाओरडा करणें सोपें असतें. कागद घ्या, एकेक गोष्ट तपासा व जें दिसेल तें लिहा. सत्याला मोठ्या आवाजाची गरज नसते.

त्या संध्याकाळीं मीं मुलाची क्षमा मागितली. बापानें मुलाची क्षमा मागावी, यांत कमीपणा आहे असें मला पूर्वीं वाटत असे. आतां वाटत नाहीं. रविवारीं उपासनेंत आपण सर्व आपल्या अपराधांची क्षमा मागतों; ती आठवड्यांतून एकदां घरींहि मागितली तर उपासनेला अर्थ येईल. तो कागद मीं माझ्या हजेरीपटांत ठेविला आहे. कोणा मुलावर रागावण्याचा प्रसंग आला, कीं तो उघडून सहावी ओळ वाचतों. तींत नुसतें "मोबाइल" असें लिहिलें आहे. तो कोणाचा होता, हें मुलाला पक्कें ठाऊक होतें. पण त्यानें तें लिहिलें नाहीं.