दोरी बांधावी आणि सोडावीही

जपानांतील कानाझावा शहरीं केन्रोकुएन नांवाचें प्रसिद्ध उद्यान आहे. पूर्वीं तें माएदा घराण्याच्या सरदारांचें होतें. १८७४ सालीं तें सर्व लोकांस खुलें झालें. भर हिंवाळ्यांत तें पाहण्याचा योग आम्हांस आला.

तेथील बर्फ ओलें व जड असतें; त्याच्या भारानें फांद्या मोडतात. म्हणून दर वर्षीं १ नोव्हेंबरपासूनच माळी झाडांजवळ उंच खांब रोवितात आणि खांबाच्या शेंड्यापासून एकेका फांदीस दोरी बांधितात. कारासाकी नामक एकट्या पाइन वृक्षास ५ खांब व सुमारें ८०० दोऱ्या लागतात. झाडास जखडून टाकिलें आहे, असें आम्हांस प्रथम वाटलें. जवळ जाऊन पाहतों तों दोरी फांदीस खालीं ओढीत नव्हती. वर तोलून धरीत होती.

तेथून आम्ही १७७४ सालीं बांधलेल्या, गवती छपराच्या यूगाओतेई या चहागृहापाशीं आलों, तरी मन त्या दोऱ्यांतच गुंतलेलें होतें. शाळेची व घराची शिस्त अशीच असावी, असें आमचें मत आहे. जी मुलास खालीं दाबते, ती शिस्त नव्हे. तें ओझें होय.

विद्यार्थिमित्रहो, बर्फ पडूं लागल्यावर दोरी शोधून उपयोग नाहीं. चांगल्या सवयी संकटापूर्वींच लावून घ्या. आणि पालकांनीं हेंही ध्यानांत ठेवावें कीं, मार्च महिन्यांत माळी त्या दोऱ्या सोडूं लागतात. वसंतांतही बांधून ठेविलेली फांदी वाढणार कशी? आम्ही शिक्षक बांधण्यास तत्पर असतों, सोडण्यास मात्र कचरतों. हा दोष प्रथम आमचा आहे.