गोळीत देव नाही, पण दवा असू शकते

माझ्या एका सहकाऱ्याची बायको चार वर्षांपासून डिप्रेशनने आजारी आहे. तीन वेगवेगळी औषधं पूर्ण मात्रेत, सांगितली तितके महिने घेऊन झाली. फरक पडला नाही. गेल्या हिवाळ्यात पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की केटामाइन नावाचं औषध दवाखान्यात ठेवून, देखरेखीखाली, शिरेतून देऊन पाहता येईल. सहकाऱ्याने घरी येऊन मोबाइलवर नाव टाकलं, तर समोर आलं पार्टी, धाड आणि अटक. घाबरून त्याने जुम्याच्या नमाजनंतर चार जाणत्यांना विचारलं. उत्तर एका दमात मिळालं: "नशा तो नशा है भाई. डॉक्टर दे या पुडीवाला दे, हराम है." इलाज थांबला. त्यानंतर दोनदा ती बाई घरातून न सांगता निघून गेली आणि दोन्ही वेळा नशिबाने सापडली.

दोघांची परवानगी घेऊन मी हे लिहितो आहे. त्या चार जाणत्यांवर माझा राग नाही. पण ज्या सहजतेने ते बोलले, त्यावर आहे.

मी उर्दू आणि मराठी शिकवतो, म्हणून आधी शब्दांकडे बघू. मराठीत डॉक्टर 'भूल' देतो, व्यसनी माणूस 'नशा' करतो. ऑपरेशनच्या टेबलावर शुद्ध हरपलेल्या माणसाला कोणी नशेखोर म्हणत नाही. आता गंमत बघा. तालुक्याच्या दवाखान्यात लहान मुलाचं मोडलेलं हाड बसवताना जी भूल देतात, ती अनेकदा याच केटामाइनची असते. १९७० पासून हे औषध भुलीसाठी वापरात आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहे. म्हणजे आपल्यापैकी कित्येकांच्या लेकरांना ते दिलं गेलं आहे, आणि तेव्हा कोणी फतवा विचारायला गेलं नाही. हाड मोडलं तर चालतं, मन मोडलं तर हराम? ही शरियत नाही. मनाचा आजार हा आजारच नव्हे, असं मानणारी ही आपली जुनी सवय आहे.

केटामाइन हे एलएसडी किंवा सायलोसायबिन यांच्या जातीचं औषध नाही, हे स्पष्ट करून ठेवतो. पण जाणिवा बदलणाऱ्या ज्या पदार्थांवर आज जगभर संशोधन चाललं आहे, त्या रांगेत तेही उभं आहे आणि प्रश्न सगळ्यांना एकच लागू होतो.

या प्रश्नाचं एक उत्तर साठ वर्षांपूर्वी आपल्याच जिल्ह्यातून जगाला गेलं होतं, हे किती नगरकरांना माहीत आहे? दौंड रस्त्यावर अरणगावला मेहेराबाद आहे. मेहेरबाबा, म्हणजे १८९४ साली पुण्यात इराणी झरतुष्ट्री घरात जन्मलेले मेरवान इराणी, तिथे दफन आहेत. त्यांनी स्वतःला अवतार म्हटलं. मुसलमान म्हणून तो दावा मला मान्य नाही, मान्य होण्याचा प्रश्नच नाही. पण एका बाबतीत त्यांनी जे सांगितलं ते आपल्या अनेक वाइजांपेक्षा नेमकं होतं.

तो काळ असा होता. १९४३ मध्ये स्विस रसायनशास्त्रज्ञ आल्बर्ट हॉफमन यांना एलएसडीचा परिणाम अपघाताने कळला. पन्नासच्या दशकात कॅनडात हम्फ्री ऑस्मंड वगैरे डॉक्टर दारूच्या व्यसनावर त्याचा प्रयोग करत होते. साठच्या दशकात तेच औषध रस्त्यावर आलं. हार्वर्ड विद्यापीठाने १९६३ मध्ये टिमथी लिअरी आणि रिचर्ड अल्पर्ट यांना काढून टाकलं, आणि गोळी खाऊन खुदा दिसतो असं सांगणारी एक पिढी तयार झाली. त्यातले काही तरुण पिंपळगाव माळवीजवळच्या मेहेराझादला येऊन पोचले. अल्पर्ट यांचाही पत्रव्यवहार झाला. बाबा १९२५ पासून मौनात होते, उत्तरं खुणांनी देत. १९६६ मध्ये त्यांचं म्हणणं 'गॉड इन अ पिल?' या छोट्या पुस्तिकेतून अमेरिकेत छापलं गेलं.

त्यात दोन गोष्टी होत्या. पहिली अशी की या पदार्थांनी जे दिसतं तो भास आहे, रूहानी अनुभव नव्हे, आणि असा वापर शरीर, मन आणि आत्मा तिन्हींना घातक आहे. दुसरी अशी की डॉक्टरांच्या थेट देखरेखीखाली, जुनाट दारूचं व्यसन, तीव्र डिप्रेशन आणि मनोविकार यांच्यासाठी एलएसडीचा वैद्यकीय उपयोग योग्य असू शकतो.

लोकांनी यातलं आपापल्या सोयीचं अर्धं उचललं. बंदीवाल्यांनी पहिलं उचललं आणि दुसरं विसरले. आज शहरांतून 'हीलिंग' विकणारे दुसरं उचलतात आणि पहिलं लपवतात. माझं म्हणणं इतकंच आहे की दोन्ही वाक्यं एकत्र वाचल्याशिवाय या विषयावर तोंड उघडू नये.

आता आपल्या घरातलं बघू. १९३६-३७ मध्ये याच मेहेरबाबांनी राहुरीला वेड्यांसाठी आश्रम चालवला होता. खुदाच्या इश्कात भान हरपलेल्यांना ते मस्त म्हणत, आणि मस्त वेगळा, आजारी वेगळा असं सांगत. आपल्या परंपरेतही मजजूब हा शब्द आहे. पण आपण हा फरक करतो का? घरात कोणी बडबडू लागलं की एक तर त्याला पोचलेला ठरवतो, नाहीतर त्याच्यावर जिन बसवतो. आजारी ठरवणं सगळ्यात शेवटी येतं. त्याची किंमत काय असते ते ६ ऑगस्ट २००१ रोजी दिसलं. तमिळनाडूतल्या एरवाडी इथे, दर्ग्याजवळच्या एका खासगी आसऱ्यात साखळ्यांनी बांधून ठेवलेले २८ मनोरुग्ण आगीत जळून मेले. त्यांना पळता आलं नाही. ते तिथे दुआसाठी आणले गेले होते.

दुआला माझा विरोध नाही. गुजरातमध्ये उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात 'दवा आणि दुआ' असा उपक्रम चालतो. तिथले मुजावर रुग्णाला मानसोपचार डॉक्टरकडेही पाठवतात. मुजावरांना जे जमलं ते आपल्या मोहल्ल्याला का जमू नये?

आता "हराम है" या शब्दाकडे येऊ. नशा हराम आहे, यात मला शंका नाही आणि मी पळवाट शोधत नाही. पण कुराणाने दारू-जुगाराबद्दल बोलताना त्यांत लोकांसाठी काही फायदा आहे हे नाकारलं नाही, गुनाह फायद्यापेक्षा मोठा आहे असं तोलून सांगितलं. म्हणजे तोलणं आपल्याला शिकवलं आहे. जीव वाचवण्याच्या मजबुरीला सवलत आहे, हे मदरशातलं पहिल्या वर्षाचं पोरही सांगेल. तेराव्या शतकातले मिसरचे मालिकी फकीह अल-कराफी यांनी तर नशा आणणारा, गुंगी आणून झोपवणारा आणि अक्कल बिघडवणारा असे तीन प्रकार वेगळे केले आणि त्यांचे हुकूम वेगळे सांगितले. हशीशला त्यांनी मोकळीक दिली नाही. पण सगळं एका पोत्यातही भरलं नाही. सातशे वर्षांपूर्वी आपले आलिम जो फरक करत होते, तो आज आपण "नशा तो नशा है" म्हणून पुसून टाकतो आणि त्याला दीनदारी म्हणतो.

पुरावा न तपासता कारण ठरवण्याची खोड फक्त आपली नाही. १८९३ मध्ये इंग्रज सरकारने गांजा-भांगेच्या चौकशीसाठी आयोग नेमला. नगर हा तेव्हा मुंबई इलाख्यातल्या गांजा पिकवणाऱ्या जिल्ह्यांपैकी एक. गांजाने वेड लागतं, वेड्यांची इस्पितळं त्यानेच भरली आहेत, असा बोलबाला होता. १८९२ सालच्या दाखल्यांत २२२ रुग्णांपुढे कारण म्हणून गांजा-चरस लिहिलं होतं. आयोगाने एकेक प्रकरण उघडलं, घरच्यांना विचारलं, आणि ज्यांत हे कारण मानता येईल अशी ९८ उरली. बाकीच्यांत काय झालं होतं? कागदावर कारणाचा रकाना होता, तो रिकामा सोडायचा नव्हता, म्हणून सोयीचा शब्द भरला होता. पण ९८ हाही शून्य आकडा नव्हे. भीती फुगवलेली होती आणि धोका खराही होता. मोजल्यावरच दोन्ही कळलं.

भीतीने केलेल्या कायद्याचा फटका कोणाला बसतो हेही आपण पाहिलं आहे. १९८५ चा एनडीपीएस कायदा वैद्यकीय आणि वैज्ञानिक उपयोगाला वाट ठेवतो. पण परवान्यांच्या जंजाळामुळे आणि शिक्षेच्या धाकामुळे दवाखान्यांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. कॅन्सरचे रुग्ण कळवळत गेले. ते सुधारायला २०१४ ची दुरुस्ती यावी लागली. आणि त्या वर्षांत रस्त्यावरची नशा थांबली का? फेब्रुवारी २०२४ मध्ये नगरच्या सीमेला लागून असलेल्या दौंड तालुक्यात, कुरकुंभच्या एमआयडीसीत पोलिसांनी मेफेड्रोनचा प्रचंड साठा पकडला. आपल्या पोरांना 'एमडी' या दोन अक्षरांचा अर्थ मास्तरांच्या आधी कळतो. औषध रुग्णापर्यंत पोचलं नाही, जहर मात्र कॉलेजच्या फाटकापर्यंत पोचलं.

आता दुसऱ्या बाजूच्या दुकानदारांकडे वळतो, नाहीतर ते माझा लेख फिरवतील. संशोधन काय सांगतं? २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत औषधांना दाद न देणाऱ्या डिप्रेशनच्या २३३ रुग्णांना सायलोसायबिन दिलं. तीन आठवड्यांनी २५ मिलिग्रॅम मिळालेल्यांत २९ टक्क्यांची लक्षणं जवळपास गेली. नाममात्र १ मिलिग्रॅम मिळालेल्यांत ८ टक्क्यांची. फरक खरा आहे. पण मोठी मात्रा मिळालेल्या शंभरातल्या एकाहत्तर जणांना तो आराम मिळाला नाही, आणि आत्महत्येचे विचार काही रुग्णांत दिसलेच. २०२१ च्या दुसऱ्या चाचणीत, ५९ रुग्णांवर, नेहमीच्या गोळीच्या तुलनेत सहा आठवड्यांनी मुख्य मोजमापात ठोस फरक निघाला नाही. ऑस्ट्रेलियाने जुलै २०२३ पासून ठरावीक मानसोपचार तज्ज्ञांना सायलोसायबिन आणि एमडीएमए वापरायची मुभा दिली. अमेरिकेच्या औषध खात्याने ऑगस्ट २०२४ मध्ये एमडीएमएला नकार दिला. एक अडचण ही की खरं औषध कोणाला मिळालं हे रुग्णांना लगेच कळतं, मग गुण औषधाचा की आशेचा हे कसं ठरवायचं?

म्हणजे हे चमत्काराचं प्रकरण नाही. ज्यांच्या घराण्यात स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर आहे त्यांच्यासाठी हे पदार्थ पेटवलेली काडी ठरू शकतात. केटामाइनचा गुण काही तासांत दिसू शकतो, पण अनेकदा आठवडा-दोन आठवड्यांत ओसरतो. वारंवार घेतलं तर मूत्राशय खराब होतं, सवय लागते. अमेरिकन नट मॅथ्यू पेरी २०२३ मध्ये केटामाइननेच गेला. तो आधी डॉक्टरांकडे उपचार घेत होता, पण ज्या मात्रेने जीव घेतला ती दवाखान्याबाहेरची होती. त्यामुळे गोव्याच्या किनाऱ्यावर नाहीतर एखाद्या फार्महाउसवर 'थेरपी' म्हणून कागदाचा तुकडा जिभेवर ठेवणारा माणूस मला पुडीवाल्याइतकाच गुन्हेगार वाटतो. पुडीवाला निदान स्वतःला हकीम म्हणवत नाही.

मग मला काय हवं आहे? सरकारने बंगळूरूच्या निमहान्ससारख्या संस्थांना या पदार्थांवर रीतसर, उघड, रुग्णाच्या संमतीने संशोधन करायला सोपी वाट द्यावी. संमती हा शब्द मी मुद्दाम लिहितो, कारण अमेरिकेच्या सीआयएने पन्नासच्या दशकात लोकांना न सांगता एलएसडी देऊन पाहिलं होतं, आणि अशा प्रयोगांत बळी जातात ते गरीब, कैदी आणि वेडे. उद्या आपल्याकडे प्रयोग झाले तर येरवड्याच्या वॉर्डातल्या बेवारस रुग्णांवर नकोत.

मशिदीच्या कमिट्यांकडून याहून साधी गोष्ट हवी. वर्षातून एक जुमा मानसिक आजारावर बोला. 'टेली-मानस'चा १४४१६ हा सरकारी नंबर नोटीस बोर्डावर लावा. तो फुकट आहे, मराठीतही बोलतात. आणि औषधाबद्दल कोणी विचारलं तर हलाल-हरामचं उत्तर देण्याआधी तीन प्रश्न विचारा: कोण देतंय, कशासाठी देतंय, दुसरा इलाज उरला आहे का? हे न विचारता दिलेलं उत्तर फतवा नसतं, चौकातली गप्पा असते.

सहकाऱ्याने डॉक्टरांची पुढची तारीख घेतली आहे. मी बरोबर जाणार आहे. गुण येईल की नाही हे डॉक्टरही छातीठोक सांगत नाहीत, मी कोण सांगणारा? तिला जहर देऊ नका, हे जाणत्यांचं म्हणणं मला मान्य आहे. पण दवा कोणती आणि जहर कोणतं हे तपासल्याशिवाय तिला तशीच अंधाऱ्या खोलीत पडू देणं, याचाही हिशोब कोणीतरी द्यावा लागेल. तो देणाऱ्यांत माझं नाव नको, म्हणून हा लेख.