विश्लेषण : परवाना नसताना विमान उडवले, तर शिक्षा नेमकी कोणाला?

जानेवारी २०११ मध्ये दिल्लीहून आलेले एक एअरबस ए-३२० विमान गोव्यातील दाबोळी विमानतळावर उतरले. विमान उतरताना मागची मुख्य चाके आधी टेकायला हवीत. इथे नाकाखालचे चाक आधी धावपट्टीवर आदळले. प्रवासी सुखरूप उतरले, सामान घेऊन घरी गेले आणि प्रकरण तिथेच मिटले असते. पण नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने (डीजीसीए) चौकशी केली, कॅप्टनची कागदपत्रे तपासली आणि कॅप्टनपदासाठी लागणाऱ्या परीक्षेची गुणपत्रिकाच बनावट निघाली. मग इतरांचेही परवाने तपासले गेले. आणखी काही वैमानिक, दलाल आणि खुद्द नियामक संस्थेतील माणसे अटकेत गेली. एक वाईट लँडिंग झाले नसते, तर हे कधी उघड झाले असते, याचे उत्तर फारसे दिलासादायक नाही.

परवाना ‘नसणे’ म्हणजे काय?

चित्रपटात दाखवतात तसा कोणी तोतया गणवेश चढवून कॉकपिटमध्ये शिरतो, असे प्रत्यक्षात जवळजवळ होत नाही. वैमानिकाचा परवाना हे वाहन परवान्यासारखे एकच कार्ड नसते, ती एक उतरंड असते. खासगी परवान्यासाठी किमान ४० तासांचे उड्डाण, पगारी वैमानिक होण्यासाठीच्या व्यावसायिक परवान्यासाठी २०० तास आणि मोठ्या प्रवासी विमानाचा कॅप्टन होण्यासाठी लागणाऱ्या एटीपीएल या सर्वोच्च परवान्यासाठी १,५०० तास लागतात. त्यावर विशिष्ट जातीच्या विमानाची स्वतंत्र मान्यता लागते. बोइंग ७३७ चालवणाऱ्याला उद्या ए-३२० हाती घेता येत नाही. वैद्यकीय प्रमाणपत्राची मुदत चालू असावी लागते, ठरावीक काळात टेकऑफ-लँडिंग केलेले असावे लागते. यातला एक दुवा निसटला, तरी त्या उड्डाणापुरता वैमानिक अपात्र ठरतो. गोव्याच्या प्रकरणातही व्यावसायिक परवाना होता. खोटा होता तो त्यावरचा मजला.

जुलै २०२४ मधील मुंबई-रियाध उड्डाण हे याचे अलीकडचे उदाहरण. नव्या सहवैमानिकाला सुरुवातीची उड्डाणे प्रशिक्षक कॅप्टनसोबतच करावी लागतात. एअर इंडियाच्या या विमानात मात्र अशा सहवैमानिकासोबत प्रशिक्षक नसलेला कॅप्टन बसवला गेला. दोघांकडे परवाने होते, पण ती जोडी पात्र नव्हती. कंपनीने स्वतःहून हे कळवले, तरीही डीजीसीएने कंपनीला ९० लाख रुपये दंड ठोठावला. संचालन विभागाच्या संचालकांना सहा लाख आणि प्रशिक्षण संचालकांना तीन लाखांचा दंड झाला. रोस्टर लावणाऱ्या यंत्रणेची चूक तिच्या वरिष्ठांच्या खिशापर्यंत पोहोचवली, हे योग्यच झाले.

कायद्यात शिक्षा किती?

१९३४ च्या विमान कायद्याची जागा १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ ने घेतली. नियमभंग करून विमान उडवणे किंवा जाणूनबुजून इतरांच्या जिवाला धोका होईल असे उडवणे यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद, एक कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. दंडाची कमाल मर्यादा पूर्वी दहा लाख होती, ती २०२० च्या दुरुस्तीने वाढवली गेली. परवाना निलंबित वा रद्द करण्याचा अधिकार डीजीसीएकडे वेगळा आहेच.

गंमत अशी, की खोटी गुणपत्रिका जोडली असेल, तर भारतीय न्याय संहितेतील फसवणूक आणि बनावट दस्तऐवजाची कलमे लागतात आणि त्यात कैद सात वर्षांपर्यंत जाते. म्हणजे दीडशे माणसांना घेऊन अपात्र असताना आकाशात जाण्यापेक्षा कागदावर खाडाखोड करणे कायद्याच्या लेखी मोठा गुन्हा आहे. अमेरिकेत परवान्याविना विमान उडवणे हा संघराज्याचा फौजदारी गुन्हा असून त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. युरोपातला अनुभव याहून सौम्य. २०१० मध्ये ॲमस्टरडॅमच्या विमानतळावर, उड्डाणाच्या तयारीत असताना एका स्वीडिश वैमानिकाला अटक झाली. तो तेरा वर्षे बनावट परवान्यावर प्रवासी विमाने उडवत होता. त्याला शिक्षा झाली ती २,००० युरो दंडाची आणि वर्षभर उड्डाणबंदीची.

इतकी वर्षे सुरक्षित उडवले, मग बिघडले काय?

स्वीडिश वैमानिकाबाबत हा युक्तिवाद झालाच आणि तो वरवर बिनतोड वाटतो. हजारो तास एकही अपघात नाही, मग कागदाचे एवढे स्तोम कशाला? पण आधुनिक प्रवासी विमान निरभ्र दिवशी उडवणे ही वैमानिकाची परीक्षा नव्हेच. परवान्यामागच्या चाचण्या असतात त्या इंजिन बंद पडल्यावर, केबिनमधला हवेचा दाब गेल्यावर, दोन उपकरणे परस्परविरोधी आकडे दाखवू लागल्यावर हा माणूस काय करील, यासाठी. तो दिवस बहुतेकांच्या आयुष्यात येतच नाही. अपात्र माणूस वर्षानुवर्षे खपून जातो, तो म्हणूनच.

दक्षिण आफ्रिकेच्या सरकारी कंपनीतील एका वरिष्ठ वैमानिकाचे हेच झाले. २०१८ मध्ये आल्प्सवर विमान हेलकाव्यांत सापडले असता त्याच्या हाताळणीबद्दल प्रश्न उभे राहिले. चौकशीत त्याचा सर्वोच्च परवाना बनावट निघाला. तो दोन दशके कंपनीत होता आणि कॅप्टनपदापासून दूरच राहिला होता. गोव्यासारखेच इथेही आधी चूक दिसली, मग कागद तपासले गेले. क्रम उलटा असायला हवा होता.

पाकिस्तानला किती महागात पडले?

मे २०२० मध्ये पीआयएचे विमान कराचीत कोसळून ९७ जणांचा मृत्यू झाला. महिन्याभराने प्राथमिक अहवाल मांडताना तेथील हवाई वाहतूकमंत्री गुलाम सरवर खान यांनी संसदेत सांगितले, की देशातील ८६० पैकी २६२ वैमानिकांचे परवाने संशयास्पद आहेत. अनेकांनी परीक्षेला दुसऱ्यालाच बसवले. काही दिवसांत युरोपीय सुरक्षा यंत्रणेने पीआयएला बंदी घातली, ब्रिटनने दारे लावली, अमेरिकेने परवानगी काढून घेतली. जगभरातील कंपन्यांनी आपल्याकडच्या पाकिस्तानी वैमानिकांना घरी बसवून पडताळणी सुरू केली. यादीतील अनेकांचे परवाने पुढे खरे निघाले. पण तोवर त्यांची नावे डागाळली होती. युरोपची बंदी उठायला नोव्हेंबर २०२४ उजाडले. एखाद्या देशाने दिलेला परवाना इतर देश मानतात, ते त्या देशाच्या नियामकावर विश्वास ठेवून. तो विश्वास गेला की प्रामाणिक वैमानिकाचा परवानाही चलनातून बाद झालेल्या नोटेसारखा होतो.

खासगी विमान आणि ड्रोनचे काय?

विम्याच्या करारात वैमानिक पात्र असण्याची अट असते. ती मोडली, तर विमानाच्या नुकसानीचा दावा कंपनी फेटाळू शकते आणि जमिनीवर कोणी जखमी झाले, तर भरपाईचा बोजा मालकावर येऊ शकतो. विमान कंपनीचेही तसेच. भरपाईच्या ठरावीक मर्यादेपलीकडे आपला हलगर्जीपणा नव्हता हे कंपनीला सिद्ध करावे लागते. कॉकपिटमध्ये अपात्र माणूस असताना ते कसे करणार?

आपल्याकडे परवान्याविना सर्वाधिक काय उडत असेल, तर तो लग्नमंडपावर घिरट्या घालणारा ड्रोन. २०२१ च्या नियमांनुसार २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला प्रमाणपत्र लागत नाही, दोन किलोपर्यंतच्या ड्रोनला हौसेपुरती सूट आहे. पण पैसे घेऊन चित्रीकरण म्हणजे हौस नव्हे. दंड एक लाख रुपयांपर्यंत होऊ शकतो, हे बहुतेक छायाचित्रकारांच्या गावीही नसते.

आता खोटेपणा थांबेल का?

डीजीसीएने फेब्रुवारी २०२५ मध्ये वैमानिकांसाठी इलेक्ट्रॉनिक परवाना सुरू केला. बनावट कागद त्यामुळे अवघड होईल, यात शंका नाही. पण परवाना खरा आणि त्यामागचे तास खोटे, ही वाट त्याने बंद होत नाही. २०११ मध्ये राजस्थानातील एका प्रशिक्षण संस्थेत नेमके तेच उघड झाले होते. तिथे न केलेल्या उड्डाणांचे तास नोंदवहीत चढवले जात होते. लाखो रुपये मोजून प्रशिक्षण घेणारा विद्यार्थी आणि तास लवकर भरून देण्याची घाई असलेली संस्था, या दोघांनाही खोट्या नोंदीत सोय दिसू शकते. ती पकडायची, तर विद्यार्थ्याची नोंदवही त्या विमानाच्या इंजिनाचे तास, खर्च झालेले इंधन आणि नियंत्रण कक्षातील नोंदी यांच्याशी ताडून पाहावी लागते. त्यासाठी निरीक्षक लागतात. २०१४ मध्ये अमेरिकेने भारताचा हवाई सुरक्षा दर्जा खाली आणला होता, तेव्हाही आक्षेप प्रशिक्षित निरीक्षकांच्या तुटवड्यावरच होता. दर्जा परत मिळायला पुढचे वर्ष उजाडावे लागले.